ग्रेग लेक : प्रोग्रेसिव्ह रॉकचा गाता खर्ज

१९७० च्या उत्तरार्धात लंडनमधील ॲडव्हिजन स्टुडिओत तीन तरुण वादकांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे काम जवळजवळ आटोपले होते. हिशेब मांडल्यावर असे लक्षात आले की, तबकडीची एक बाजू काही मिनिटांनी कमी भरते आहे. आणखी कोणाकडे काही आहे का, अशी विचारणा झाली तेव्हा गायक आणि बास गिटारवादक ग्रेग लेक यांनी काहीशा संकोचाने एक जुने गाणे पुढे केले. ते त्यांनी वयाच्या बाराव्या वर्षी, गिटारवरील पहिले चार कॉर्ड शिकल्यावर रचले होते. कीबोर्डवादक कीथ इमर्सन यांना त्या साध्या लोकगीताच्या चालीत आपल्यासाठी काही काम दिसेना. तरीही लेक आणि ढोलवादक कार्ल पामर यांनी ते ध्वनिमुद्रित करण्यास प्रारंभ केला. आधी साधी गिटार, मग बास, त्यावर आणखी गिटारी आणि आवाजांचे थर असे एकावर एक चढत गेले. गाण्याचा शेवट मात्र रिकामा वाटत होता. तेव्हा नव्यानेच हाती आलेल्या मूग सिंथेसायझरवर इमर्सन यांनी काही सुरावटी चाचपून पाहिल्या. ती केवळ चाचपणी होती, पण ध्वनिमुद्रण चालू होते आणि तेच कायम ठेवण्यात आले.

‘लकी मॅन’ हे ते गाणे. घोडे, सुंदर स्त्रिया असे सर्व वैभव लाभलेला एक श्रीमंत माणूस देशासाठी व राजासाठी लढायला जातो आणि बंदुकीच्या गोळीने मरतो. त्याची संपत्ती त्याला वाचवू शकत नाही, एवढीच त्याची कथा. बारा वर्षांच्या मुलाने केलेली ही रचना जागा भरण्यासाठी म्हणून संग्रहात आली आणि पुढे ‘इमर्सन, लेक अँड पामर’ या संगीतसमूहाची ओळख होऊन बसली. वीस-वीस मिनिटांच्या ज्या गुंतागुंतीच्या रचनांवर या तिघांनी आपली कीर्ती उभी केली, त्यांच्याइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, हे चार कॉर्डचे गाणे लोकांच्या ध्यानात राहिले.

ग्रेगरी स्टुअर्ट लेक यांचा जन्म १० नोव्हेंबर १९४७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात, पूल या बंदराच्या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती. तयार भाग जोडून घाईने उभारलेल्या वसाहतींत अनेक कुटुंबे राहत. लेक यांचे बालपण अशाच एका घरात गेले. वडील अभियंता होते, आई घर सांभाळी. परिस्थिती बेताची होती. पण बाराव्या वर्षी नाताळची भेट म्हणून मुलाच्या हाती गिटार आली. ती देणारी आई होती.

जवळच्याच बोर्नमथ भागात डॉन स्ट्राइक नावाचे एक संगीतशिक्षक गिटारच्या शिकवण्या घेत. त्यांची शिस्त जुन्या वळणाची होती. पागानिनीच्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचनांवरून ते बोटांचा सराव करून घेत आणि १९३० च्या दशकातील लोकप्रिय धून वाजवायला लावत. रॉक अँड रोलच्या ओढीने आलेल्या पोरांना हा सारा प्रकार कंटाळवाणा वाटणे स्वाभाविकच होते. तरीही याच शिक्षकाकडून आणखी एक मुलगा शिकत होता, त्याचे नाव रॉबर्ट फ्रिप. लेक आणि फ्रिप यांची मैत्री जमली, ते एकत्र सराव करीत. इंग्लंडच्या एका किनारी गावातील एकाच शिक्षकाच्या हाताखालून प्रोग्रेसिव्ह रॉकचे दोन आधारस्तंभ बाहेर पडले, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

शाळा सुटल्यावर लेक यांनी काही काळ गोदीवर माल चढवण्या-उतरवण्याचे काम केले, थोडे दिवस आरेखकाचीही नोकरी केली. दोन्हींत मन रमले नाही. मग ‘युनिट फोर’, ‘द टाइम चेक्स’, ‘द शेम’, ‘द गॉड्स’ अशा एकामागून एक संगीतसमूहांतून ते गात आणि वाजवत राहिले. यांपैकी ‘द गॉड्स’मधील काही सहकारी पुढे ‘युराया हीप’ या समूहात प्रसिद्धीस आले. लेक यांची ही वर्षे मात्र छोट्या सभागृहांतील कार्यक्रमांत गेली.

१९६८ च्या अखेरीस फ्रिप यांनी नव्या समूहासाठी गायक म्हणून लेक यांना पाचारण केले. अडचण एकच होती. गिटार स्वतः फ्रिप वाजवणार होते. एका समूहात दोन गिटारवादकांचे प्रयोजन नव्हते. लेक यांनी गिटार बाजूला ठेवून बास गिटार हाती घ्यावी, असे ठरले. चार जाड तारांचे हे वाद्य खर्जातील सूर धरून तालाला आणि सुरावटीला एकत्र बांधते. बास म्हणजे केवळ कमी तारांची गिटार नव्हे, हे लेक यांना काम करता करता उमगले. आयुष्यभर ज्या वाद्यासाठी ते ओळखले गेले, ते त्यांनी अशा रीतीने वयाच्या एकविसाव्या वर्षी, जवळजवळ नाइलाजाने उचलले होते.

या समूहाचे नाव ‘किंग क्रिम्सन’. फ्रिप आणि लेक यांच्यासह इयान मॅक्डोनल्ड हे सॅक्सोफोन, बासरी व कीबोर्ड वाजवीत, मायकेल जाइल्स ढोल वाजवीत आणि पीटर सिनफिल्ड शब्द लिहीत. १३ जानेवारी १९६९ रोजी त्यांची तालीम सुरू झाली, एप्रिलमध्ये लंडनमध्ये पहिला जाहीर कार्यक्रम झाला आणि ५ जुलैला ते हाइड पार्कमध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या विनामूल्य मैफिलीपूर्वी लाखोंच्या समुदायासमोर उभे होते. दोनच दिवसांपूर्वी स्टोन्सचे माजी गिटारवादक ब्रायन जोन्स यांचा मृत्यू झाला होता. शोकाच्या त्या वातावरणात एका अनोळखी समूहाने कर्कश, तुटक आणि तरीही अचूक असे काही वाजवून दाखवले. सहा महिन्यांपूर्वी ज्या समूहाचे अस्तित्वही नव्हते, त्याचे नाव त्या दिवसानंतर लंडनभर झाले.

त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठी आधी एका नामवंत निर्मात्याबरोबर काम सुरू झाले होते, पण ते जमेना. अखेर या नवख्या तरुणांनी निर्मितीची जबाबदारी स्वतःवरच घेतली. ऑक्टोबर १९६९ मध्ये ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ प्रकाशित झाली आणि ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. जॅझची मोडतोड, पाश्चात्त्य अभिजात संगीताचा भव्यपणा आणि रॉकचा जोर यांचा मेळ घालणाऱ्या ज्या प्रवाहाला पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटले गेले, त्याचा उगम अनेक जाणकार या तबकडीत मानतात. तिच्या पहिल्याच गाण्यात लेक यांचा आवाज यंत्रातून गाळून चिरफाळल्यासारखा केलेला आहे. दुसऱ्याच गाण्यात तोच आवाज बासरीच्या सोबतीने इतका शांत उमटतो की, गायक एकच आहे यावर विश्वास बसू नये. व्हिएतनाम युद्धाच्या छायेतील तो काळ या दोन टोकांमध्ये जणू सामावला आहे. चाळीस वर्षांनी, २०१० मध्ये, अमेरिकी रॅपगायक कान्ये वेस्ट यांनी त्यातील पहिल्या गाण्याचा तुकडा आपल्या ‘पॉवर’ या गाण्यात वापरला आणि एक नवी पिढी त्या आवाजापाशी येऊन पोहोचली.

मूळ किंग क्रिम्सनचे आयुष्य वर्षभराचेही ठरले नाही. अमेरिकेच्या दौऱ्यातच मॅक्डोनल्ड आणि जाइल्स यांनी बाहेर पडण्याचा निर्णय कळवला. समूह मोडतो आहे हे दिसत असतानाच, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहात, ‘द नाइस’ या समूहाचे कीबोर्डवादक कीथ इमर्सन यांच्याशी लेक यांची गाठ पडली. कार्यक्रमापूर्वीच्या ध्वनिचाचणीत दोघांनी सहज म्हणून एकत्र वाजवले आणि सूर जुळले. जुन्या मित्राचा शब्द राखण्यासाठी लेक यांनी किंग क्रिम्सनच्या दुसऱ्या तबकडीवर बहुतेक गाणी गायली. वाट मात्र वेगळी झाली होती.

ढोलवादक म्हणून ‘अटॉमिक रूस्टर’मधील वीस वर्षांचे कार्ल पामर आले. २३ ऑगस्ट १९७० रोजी प्लिमथ येथे या त्रयीचा पहिला कार्यक्रम झाला आणि दुसरा थेट २९ ऑगस्टला, आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात, लाखो श्रोत्यांपुढे. मुसोर्गस्की यांच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ या अभिजात रचनेचे आपले रूप त्यांनी सादर केले आणि शेवटी मंचावरून खऱ्या तोफा डागल्या. समीक्षकांतील काहींनी त्याच दिवशी नाके मुरडली. या समूहाच्या वाट्याला आलेले प्रेम आणि उपहास असे दोन्ही पहिल्या आठवड्यातच सुरू झाले होते.

इमर्सन, लेक अँड पामर यांच्या रचनेत गिटारवादक नव्हता. त्यामुळे इमर्सन यांच्या पियानो, ऑर्गन आणि सिंथेसायझरच्या झंझावाताखाली जमीन धरून ठेवण्याचे काम एकट्या बासवर येई. लेक यांनी तारांचा असा पोत शोधला की, खर्जातील सूर बोथट न होता पियानोच्या खालच्या पट्टीतील तारेसारखा घुमत राहील. गळ्याने गात असतानाच बोटांनी वेगळ्या लयीचे काम चालू ठेवणे ही अवघड गोष्ट आहे; तबला वाजवता वाजवता बंदिश गाण्याचा प्रयत्न केलेल्याला तिची कल्पना येईल. शिवाय आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांचे निर्मातेही लेकच होते. मंचावर नजर इमर्सन यांच्यावर खिळे. तबकडीवर जे ऐकू येई, त्याचा तोल मात्र लेक यांच्या कानांनी साधलेला असे.

तिघांत खटके नव्हते असे नाही. दुसऱ्या तबकडीसाठी इमर्सन ‘टार्कस’ ही वीस मिनिटांची विषम तालांची रचना घेऊन आले, तेव्हा लेक यांना ती मुळीच रुचली नाही आणि समूह तिथेच फुटतो की काय, अशी वेळ आली. मध्यस्थी झाली, लेक यांनी युद्धाच्या व्यर्थतेवर शब्द लिहिले आणि १९७१ मध्ये ‘टार्कस’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. गुंतागुंत इमर्सन यांची आणि गाणे लेक यांचे, अशी एक अलिखित वाटणी यापुढे होत गेली. प्रत्येक तबकडीवर लेक यांचे एखादे साध्या गिटारवरचे गीत असे आणि आकाशवाणी केंद्रांवर वाजे ते नेमके तेच. १९७२ च्या ‘ट्रिलॉजी’मधील ‘फ्रॉम द बिगिनिंग’ अमेरिकेत ३९ व्या क्रमांकापर्यंत गेले; त्या देशात या समूहाच्या कोणत्याही एकल गाण्याला यापेक्षा वरचे स्थान मिळाले नाही.

१९७३ मध्ये त्यांनी ‘मँटिकोर’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि लंडनच्या फुलहॅम भागातील एक जुने चित्रपटगृह तालमीसाठी घेतले. इटलीतील ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’ या समूहाला जगापुढे आणण्याचे श्रेय याच संस्थेकडे जाते. त्याच वर्षीच्या ‘ब्रेन सॅलड सर्जरी’चे मुखपृष्ठ स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांनी रंगवले. काही वर्षांनी ‘एलियन’ चित्रपटातील भयावह जीव याच चित्रकाराच्या कल्पनेतून आला. तबकडीच्या आरंभी ‘जेरुसलेम’ हे इंग्रजांचे लाडके प्रार्थनागीत होते. लेक यांनी ते पूर्ण गांभीर्याने गायले होते, तरी बीबीसीने ते वाजवण्यास नकार दिला. ६ एप्रिल १९७४ रोजी कॅलिफोर्निया जॅम महोत्सवात दोन लाखांहून अधिक श्रोत्यांपुढे या समूहाने कार्यक्रमाची सांगता केली. यशाचा तो कळस होता.

याच काळातील गालिच्याची गोष्ट लेक यांना अखेरपर्यंत चिकटून राहिली. मंचावर ते एका किमती इराणी गालिच्यावर उभे राहून गात आणि वृत्तपत्रे त्याकडे रॉक संगीतातील उधळपट्टीचा पुरावा म्हणून बोट दाखवीत. कारण निराळे होते. ध्वनिक्षेपकातून विजेचा धक्का बसण्याचा अनुभव त्या काळी गायकांना नवा नव्हता. लेक यांनी पायाखाली रबराची चटई मागितली. ती ओबडधोबड दिसे म्हणून तिच्यावर गालिचा आला. अर्थात, चटई झाकायला इराणी गालिचाच हवा होता का, हा प्रश्न उरतोच.

१९७५ मध्ये लेक यांनी स्वतःच्या नावाने एक गाणे प्रसिद्ध केले. गिटारची सर्वांत जाड तार एक स्वर खाली उतरवून वाजवताना त्यांना एक सुरावट सापडली होती. शब्दांसाठी त्यांनी पुन्हा पीटर सिनफिल्ड यांना साथीला घेतले आणि इमर्सन यांच्या सूचनेवरून कडव्यांच्या मध्ये रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह यांच्या ‘लेफ्टनंट किजे’मधील घसरगाडीची धून गुंफली. ‘आय बिलीव्ह इन फादर ख्रिसमस’ या गाण्यात लहानपणीची श्रद्धा, तिचा भंग आणि तरीही उरलेली शुभेच्छा असा प्रवास आहे. काहींना त्यात धर्मावर टीका दिसली. लेक यांचा रोख सणाच्या बाजारीकरणावर होता. हे गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर जाऊन थांबले. पहिल्या क्रमांकावर त्या डिसेंबरात ‘क्वीन’चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ होते आणि त्याला हटवणे कोणालाही शक्य झाले नाही. तथापि, हे नाताळगीत दरवर्षी परत येत राहिले. २००८ मध्ये ‘यू टू’ या आयरिश समूहाने एड्सविरोधी मोहिमेसाठी ते गायले. नाताळच्या भेटीतून मिळालेल्या गिटारने सुरू झालेल्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ गाण्यांपैकी एक नाताळावरच असावे, हेही त्या आयुष्याला साजेसेच.

१९७७ च्या ‘वर्क्स’ या दुहेरी तबकडीत तिघांनी एकेक बाजू वाटून घेतली. एकत्र राहण्याचा मार्ग म्हणून स्वतंत्र बाजू मागणे हेच फुटीचे लक्षण होते. चौथ्या बाजूवरील ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. त्यानंतरच्या अमेरिकी दौऱ्यात इमर्सन यांच्या आग्रहाने सुमारे ७० वादकांचा वाद्यवृंद बरोबर घेण्यात आला. रोजचा प्रवास, निवास, वेतन यांचा खर्च तिकिटांतून निघेना. दोन-तीन आठवड्यांतच बहुतेक वादकांना घरी पाठवावे लागले. २६ ऑगस्टला माँट्रियलच्या ऑलिम्पिक मैदानावर वाद्यवृंद पुन्हा एकदा उभा राहिला, तो जणू निरोप घेण्यासाठी. या तोट्याची झळ तिघांनाही पोहोचली. मागे इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट आली होती. तीन कॉर्ड येणाऱ्या कोणत्याही पोराने समूह काढावा, असे सांगणाऱ्या त्या पिढीला वीस मिनिटांच्या रचना आणि सत्तर वादक म्हणजे जुन्या राजवटीचे प्रतीक वाटले. चार कॉर्डवर पहिले गाणे रचणारा मुलगा त्या राजवटीच्या मध्यभागी उभा होता, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही. १९७८ ची ‘लव्ह बीच’ ही तबकडी करार पुरा करण्यासाठी झाली आणि तशीच वाटतेही. समूह विसर्जित झाला.

पुढील दशक धरसोडीचे गेले. गिटारवादक गॅरी मूर यांच्या साथीने लेक यांनी १९८१ व १९८३ मध्ये दोन एकल तबकड्या केल्या. डिसेंबर १९८३ मध्ये ‘एशिया’ समूहातून जॉन वेटन बाहेर पडल्याने तोक्योच्या बुदोकान सभागृहातील, उपग्रहाद्वारे अमेरिकेत दाखवल्या जाणाऱ्या मैफिलीसाठी लेक यांना ऐनवेळी बोलावण्यात आले. दुसऱ्याच्या आवाजासाठी बांधलेली गाणी काही आठवड्यांत शिकून, काहींची पट्टी खाली उतरवून त्यांनी निभावून नेली. १९८६ मध्ये ढोलवादक कोझी पॉवेल यांच्यासह इमर्सन, लेक अँड पॉवेल ही त्रयी एका तबकडीपुरती टिकली.

१९९२ मध्ये मूळ तिघे ‘ब्लॅक मून’ घेऊन परतले. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील त्यांच्या मैफिलींना दाटी झाली. लेक यांचा आवाज आता खाली उतरला होता. कोवळेपणा गेला होता, भारदस्तपणा आला होता. मात्र इमर्सन यांच्या उजव्या हाताच्या नसांचा विकार बळावत होता आणि १९९८ मध्ये पुढच्या तबकडीचा निर्माता कोण, या प्रश्नावरून तिघे पुन्हा विभक्त झाले. लेक २००१ मध्ये रिंगो स्टार यांच्या समूहातून फिरले आणि २००४ च्या ‘द हू’च्या एका गाण्यात त्यांनी बासची साथ केली. एकेकाळी सत्तर वादक बरोबर नेणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या मागे उभे राहून वाजवण्यात कमीपणा मानला नाही.

२०१० मध्ये इमर्सन आणि लेक यांनी दोघांचाच एक दौरा केला आणि २५ जुलै रोजी लंडनच्या हाय व्होल्टेज महोत्सवात पामरही त्यांच्यासोबत मंचावर आले. समूहाच्या स्थापनेला ४० वर्षे झाली होती. त्यानंतर हे तिघे पुन्हा एकत्र वाजले नाहीत. २०१२ मध्ये लेक एकटेच ‘साँग्ज ऑफ अ लाइफटाइम’ हा कार्यक्रम घेऊन निघाले. छोटी सभागृहे, हाती गिटार, गाण्यांमागच्या आठवणी आणि श्रोत्यांशी गप्पा, असे त्याचे स्वरूप होते. जानेवारी २०१६ मध्ये इटलीतील पिआचेंझा येथील निकोलिनी संगीत महाविद्यालयाने त्यांना मानद पदवी दिली. पागानिनीच्या देशातील संगीत विद्यालयाने केलेला हा गौरव डॉन स्ट्राइक यांना निश्चितच आवडला असता.

कर्करोगाने तोपर्यंत त्यांना ग्रासले होते. त्याच वर्षी ११ मार्चला कॅलिफोर्नियात कीथ इमर्सन यांनी आयुष्य संपवले. हाताचा विकार आणि नैराश्य यांनी ते खचले होते. ज्यांच्याशी आयुष्यभर भांडण आणि सहकार्य दोन्ही केले, त्या मित्राच्या जाण्यानंतर लेक नऊ महिनेही राहिले नाहीत. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ७ डिसेंबर २०१६ रोजी लंडन येथे वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बातमी दुसऱ्या दिवशी जाहीर झाली. त्यांनी लिहून ठेवलेले आत्मचरित्र २०१७ मध्ये प्रकाशित झाले. त्याला त्यांनी ‘लकी मॅन’ हेच नाव दिले होते.

तिघांपैकी मागे राहिलेले कार्ल पामर आजही ही गाणी मंचावर आणतात. रॉयल अल्बर्ट हॉलमधील १९९२ च्या मैफिलीचे चित्रण मोठ्या पडद्यांवर दाखवले जाते. एका पडद्यावर इमर्सन वाजवतात, दुसऱ्यावर लेक गातात आणि पामर खाली बसून त्या दोघांना ढोलाची साथ करतात.